बोट, फुगा आणि यंत्र : हृदयाच्या झडपेवरील उपचारांतील स्पर्शाचा इतिहास

१

हृदयावरील उपचारांचा इतिहास बहुधा धाडसाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी प्रथम छाती उघडली, कोणी प्रथम हृदयाला टाका घातला, कोणी एकाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले, अशा घटनांची मालिका त्यात असते. ती मालिका खोटी नाही. परंतु तिच्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. उपचार करणाऱ्याचा हात प्रत्येक टप्प्यावर हृदयापासून किती दूर होता, आणि त्या हाताला हृदयाविषयी काय कळत होते? हा प्रश्न पुढे ठेवून पाहिले असता गेल्या शंभर वर्षांचा इतिहास निराळ्या रीतीने उलगडतो. हृदयात शिरणारे उपकरण उत्तरोत्तर बारीक होत गेले, रुग्णाच्या अंगावरील जखम लहान होत गेली आणि त्याच वेळी हाताला होणारे ज्ञान घटत गेले. अलीकडे प्रयोगशाळांतून सिद्ध होत असलेली सूक्ष्म यंत्रे ही या घटीची भरपाई करण्याची धडपड होय. प्रस्तुत निबंधात या धडपडीचा मागोवा घ्यावयाचा असून त्यासाठी मुंबईतील परळ हे केंद्र कल्पिले आहे. कारण या इतिहासाच्या मुळाशी असलेला रोग आणि त्यावरील उपचार या दोहोंचा परळशी निकटचा संबंध आहे.

दादर आणि परळ यांच्या सीमेवर, हिंदमाता या चित्रपटगृहाच्या नावाने ओळखला जाणारा चौक आहे. लग्नसराईतील कापडखरेदीसाठी तो जितका प्रसिद्ध, तितकाच पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यासाठी. भाग सखल असल्याने चोहोंकडून पाणी तेथे येई. बाहेर पडण्याची वाट मात्र अपुरी पडे. मग ते मागे मागे पसरत दुकानांच्या आणि घरांच्या पायऱ्या चढे. मायट्रल किंवा द्विदल झडप अरुंद झाली म्हणजे हृदयात काय घडते, हे समजून घेण्यास हे दृश्य उपयोगी पडते. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त हृदयाच्या डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, जमते आणि या झडपेतून खालच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या निलयात, उतरते. निरोगी प्रौढ माणसात या झडपेचे तोंड सुमारे ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते १·५ चौरस सेंटिमीटरच्या खाली आले, की रक्त अलिंदात तुंबते आणि त्याचा दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. रुग्णाला जिना चढताना दम लागतो, पुढे पुढे रात्री उताणे निजवत नाही, थुंकीतून रक्त पडते.

ही झडप अरुंद होण्याचे प्रमुख कारण संधिज्वर हे आहे. लहानपणी घशाला विशिष्ट जंतूंचा संसर्ग होतो, त्याविरुद्ध शरीराने उभारलेली प्रतिक्रिया चुकून स्वतःच्याच हृदयावर उलटते आणि झडपेची दोन दले कडांशी एकमेकांना चिकटू लागतात. हा संसर्ग दाटीवाटीच्या वस्तीत फैलावतो. गिरणगावात एकेका खोलीत अख्खे कुटुंब आणि त्यावर गावाकडून आलेले पाहुणे अशी राहणी होती. १९२० नंतरच्या दशकात नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची असे. एका मुलाचा घसा दुखू लागला, की शेजारी निजलेल्या दुसऱ्याचा दुखण्यास वेळ लागत नसे. युरोप-अमेरिकेत हा रोग बहुधा मध्यम वयात प्रकट होई. भारतात मात्र तो विशीच्या आतच झडप बंद करीत आणतो, याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली लॅन्सेट या नियतकालिकातून जगाचे लक्ष वेधले. स्त्रियांत हा विकार अधिक. पुष्कळदा गरोदरपणात, शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे दीडपट झाल्यावर, तो प्रथमच उघडकीस येई.

२

चिकटलेली दले हत्याराने सोडवावीत, ही कल्पना लंडनचे सर लॉडर ब्रंटन यांनी १९०२ साली मांडली. त्यांनी केलेले प्रयोग मृत शरीरांवरील होते आणि त्यांच्या वाट्याला प्रशंसेपेक्षा टीकाच अधिक आली. हृदय हे स्पर्श न करण्याचे स्थान आहे, ही त्या काळच्या वैद्यकाची श्रद्धाच होती. पुढे २० मे १९२३ रोजी बॉस्टनमध्ये एलियट कटलर यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयात निलयाच्या बाजूने एक बारीक सुरी घालून झडप कापली. मुलगी चार वर्षांहून अधिक काळ जगली. परंतु त्यानंतरचे रुग्ण एकामागून एक दगावल्याने कटलर यांनी तो मार्ग सोडून दिला.

कटलर यांच्या हाती सुरी होती. लंडनच्या हेन्री सूटर यांनी दोन वर्षांनी, मे १९२५ मध्ये, स्वतःचे बोट वापरले. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखा एक लहानसा फुगवटा असतो. तो उघडून त्यातून त्यांनी तर्जनी आत घातली, झडप चाचपून पाहिली आणि बोटानेच तिचे तोंड मोकळे केले. रुग्ण तरुणी त्यातून बरी होऊन घरी गेली. असे असूनही सूटर यांच्याकडे त्यानंतर दुसरा रुग्ण कोणत्याही वैद्याने पाठविला नाही. दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत आहे, असे तत्कालीन प्रतिष्ठित मत होते, आणि त्या मतापुढे एका यशस्वी शस्त्रक्रियेचा पुरावा अपुरा ठरला. तब्बल तेवीस वर्षे ही वाट ओस पडली. १९४८ च्या जूनमध्ये फिलाडेल्फिया येथे चार्ल्स बेली आणि अवघ्या काही दिवसांच्या अंतराने बॉस्टन येथे ड्वाइट हार्कन, व त्याच वर्षी लंडन येथे रसेल ब्रॉक यांनी ती पुन्हा उघडली. बेली यांचे आधीचे रुग्ण दगावले होते. एका अपयशानंतर दुसरे पचवून ते १० जूनच्या यशापर्यंत आले होते.

बोटाच्या या शस्त्रक्रियेत नेमके काय घडत असे, हे ध्यानात घेणे अवश्य आहे. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडावयाची, अलिंदाच्या फुगवट्याच्या तोंडाशी बटव्याच्या नाडीसारखा टाका घालून ठेवावयाचा आणि तो ओढून धरीत बोट आत सारावयाचे. हृदय या सर्व वेळी चालूच असे. बोट झडपेत शिरले, की रक्ताचा मार्ग बंद होई; म्हणून ते काही ठोक्यांपुरतेच तेथे ठेवता येई. त्या काही क्षणांत बोटाला मात्र पुष्कळ कळे. दले मऊ आहेत की राठ, कडांवर चुन्याचे खडे साचले आहेत काय, कोणत्या कोपऱ्यात चिकटणे अधिक आहे, मागे परतणाऱ्या रक्ताची धार बोटावर आदळते की नाही, हे सर्व शस्त्रवैद्य डोळ्यांनी न पाहता जाणत असे. अंधाऱ्या कोठीतील डब्याच्या तळाशी हात घालून गृहिणीने जिन्नस ओळखावा, तसे हे ज्ञान होते. ते शब्दांत पुरते सांगता येत नसे. गुरूशेजारी उभे राहून ते शिकावे लागे. पुढे एकट्या बोटाच्या जोराने न फुटणाऱ्या झडपांसाठी लंडनचे ऑस्वाल्ड टब्ज यांचे रुंदावणारे हत्यार प्रचारात आले. ते निलयाच्या टोकातून वर सरकवीत आणि अलिंदातील बोटाने त्याचे टोक झडपेत नेमके बसविले जाई. हत्यार आले, तरी वाट दाखविणारे बोटच राहिले.

३

परळचे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. महाविद्यालयासाठी देणगी देताना अध्यापकवर्ग सरकारी नोकरीबाहेरील सुविद्य भारतीयांचा असावा, अशी अट विश्वस्तांनी घातली होती. ज्या काळी मुंबईच्या वैद्यकीय शिक्षणातील वरिष्ठ जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत, त्या काळी ही अट म्हणजे एक राजकीय विधानच होते. डॉ. जीवराज मेहता हे तेथील पहिले अधिष्ठाता. हाफकिन संस्था, मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय आणि १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय हे शेजारी असल्याने गिरण्यांच्या भोंग्यांखालचा हा भाग देशातील वैद्यकाचे एक मोठे केंद्र बनला. हृदयरोगाच्या बाजूने डॉ. रुस्तम जाल वकील आणि डॉ. के. के. दाते यांची नावे या रुग्णालयाशी निगडित आहेत. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडून जगाच्या नजरेस आणला. दाते यांनी शवासनाचा रक्तदाबावरील परिणाम मोजून १९६९ साली प्रसिद्ध केला.

हृदयाच्या शस्त्रक्रियेचे परळमधील प्रवर्तक डॉ. प्रफुल्लकुमार सेन होत. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद हृदयावरील झडपेची शस्त्रक्रिया येथे रुजविली. त्यांचे नाव आज मुख्यतः १६ फेब्रुवारी १९६८ च्या हृदयारोपणासाठी घेतले जाते. केपटाऊन येथे क्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले आरोपण केल्यास तेव्हा पुरते अडीच महिनेही झाले नव्हते, आणि जगातील मानवी हृदयारोपणांत परळचे हे सहावे होते. रुग्ण सुमारे तीन तासच जगला. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा वाढलेला विरोध नव्या हृदयाला पेलवला नाही. मानवी अवयवांच्या आरोपणाचा कायदा देशात १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी दिल्ली येथे डॉ. पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदयारोपण केले, तोवर हा मार्ग भारतात थांबलेलाच राहिला.

आरोपणाच्या प्रसिद्धीमुळे सेन यांचे दुसरे एक काम झाकले गेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे ठरते. सर्पादी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू आपले बरेचसे पोषण थेट आतल्या पोकळीतील रक्तातून करून घेतो. स्नायूतील फटींतून ते रक्त झिरपते. मनुष्याच्या हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या बुजल्या असता त्याच्या स्नायूतही सुईने असेच मार्ग पाडले, तर त्याला रक्त मिळेल काय, असा प्रश्न सेन यांनी घेतला. त्यावरील त्यांचा निबंध १९६५ साली अमेरिकेतील वक्षशल्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या निबंधावर डॉ. तेहेमटन उदवाडिया, डॉ. एस. जी. किणारे आणि डॉ. गजानन परुळकर यांची नावे सहलेखक म्हणून आहेत. हृदयाच्या भिंतीला सुईने छिद्रे पाडण्याच्या या कल्पनेचा धागा पुढे लेसर किरणांनी छिद्रे पाडणाऱ्या उपचारापर्यंत पोहोचला. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा दीर्घकालीन लाभ वादग्रस्त ठरला, ही गोष्ट निराळी. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे, की मोठ्या जखमेने प्रसिद्ध झालेल्या या शस्त्रवैद्याच्या प्रयोगशाळेत हृदयावरील सर्वांत लहान जखमेचाही विचार चालू होता. सहलेखकांपैकी परुळकर यांनी सेन यांच्यानंतर विभागाची धुरा सांभाळली. उदवाडिया यांनी पुढे पोटाच्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीचा प्रवेश भारतात घडविला आणि १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात लहान छिद्रांतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. मोठ्या छेदाचा आग्रह धरणाऱ्या परंपरेला तडा देणारा हा मनुष्य परळच्या त्या सुयांच्या प्रयोगांत सामील झालेला होता, ही नोंद इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

बंद हृदयावरील ही शस्त्रक्रिया भारतात दीर्घकाळ टिकली. युरोप-अमेरिकेत हृदय-फुप्फुस यंत्र आल्यावर हृदय उघडून, डोळ्यांसमोर झडप दुरुस्त करणे प्रतिष्ठेचे झाले. भारतात ते यंत्र महाग, रक्ताच्या बाटल्या दुर्मिळ आणि रुग्ण अगणित, अशी स्थिती असल्याने बोट व टब्ज यांचे हत्यार यांवरच भर राहिला. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९८३ साली अशा ३,७२४ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पाश्चात्य ग्रंथांतून जी पद्धत कालबाह्य म्हणून गळत होती, तिचे सर्वांत मोठे अनुभवभांडार अशा रीतीने या देशात साठत गेले.

४

हात हृदयापासून दूर जाण्याची दुसरी वाट याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे येथील तरुण वैद्य वेर्नर फोर्समान याने स्वतःच्या दंडातील नीलेतून सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीची मूत्रमार्गाची नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितीत क्ष-किरण विभागात चालत जाऊन तिचे छायाचित्र काढून घेतले. त्याला तेव्हा उपहासच मिळाला. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५६ साली, न्यूयॉर्कच्या कूर्नां आणि रिचर्ड्‌स यांच्यासमवेत. १९५३ साली स्टॉकहोमच्या सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि तारेवरून सरकणारी नळी अशी तिहेरी युक्ती दाखविली. तीमुळे रक्तवाहिनी उघडी करण्याचेही कारण उरले नाही. १९६४ साली ऑरेगन येथील चार्ल्स डॉटर यांनी पायाची बुजलेली रोहिणी नळीनेच मोकळी केली, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिक येथे आंद्रेआस ग्रुन्टसिग यांनी हृदयाच्या रोहिणीत फुगा फुगविला.

फुग्याचा झडपेवरील उपयोग जपानचे शस्त्रवैद्य कान्जी इनोऊए यांनी १९८२ साली केला आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या उपकरणाची रचना चतुर आहे. जांघेतील नीलेत सुई टोचून तार हृदयाच्या उजव्या अलिंदापर्यंत नेतात. दोन्ही अलिंदांमधील पडद्याच्या पातळ जागी लांब सुईने छिद्र पाडून सुमारे ४ मिलिमीटर जाडीची नळी डावीकडे नेतात. तिच्या टोकावरील रबर व नायलॉन यांचा फुगा झडपेपलीकडे गेल्यावर आधी त्याचा पुढचा भाग फुगतो. मग तो मागे ओढून झडपेला टेकवितात. त्यानंतर मागचा भाग फुगतो आणि डमरूच्या आकाराचा फुगा झडपेत पक्का बसतो. शेवटी डमरूची कंबर फुगते आणि चिकटलेल्या कडा सुटतात. हे सारे काही सेकंदांत आटोपते. रुग्ण जागा असतो, छातीवर छेद नसतो आणि एकदोन दिवसांत तो घरी जातो. ज्यांच्या घरी एका माणसाच्या रोजावर चूल पेटते, त्यांच्या दृष्टीने हा फरक वैद्यकापुरता राहत नाही. गरोदर स्त्रीच्या पोटाभोवती शिशाचे आवरण गुंडाळून हा उपचार करता येऊ लागला, ही तर मोठीच सोय झाली.

या पद्धतीच्या परीक्षेत भारताचा वाटा मोठा आहे. जेम्स लॉक यांनी दिल्लीतील डॉ. खलीलुल्ला प्रभृती हृदयरोगतज्ज्ञांसह १९८५ साली तरुण भारतीय रुग्णांवरील अनुभव अमेरिकेत प्रसिद्ध केला. हैदराबाद येथे रुग्णांची चिठ्ठीने विभागणी करून शस्त्रक्रिया व फुगा यांची तुलना करण्यात आली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साठ रुग्णांच्या अभ्यासात तीन वर्षांनंतर फुग्याच्या बाजूचे झडपेचे तोंड सरासरी २·४, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या बाजूचे १·८ चौरस सेंटिमीटर भरले. याप्रमाणे जी पद्धत जगभर पहिल्या पसंतीची ठरली, तिची कसोटी जेथे रोग विपुल होता तेथेच लागली. फुगा महाग असल्याने तो निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरण्याची रीत भारतातील पुष्कळ रुग्णालयांत पडली. फ्रान्सचे आलॅं क्रिबिए यांनी याच अडचणीवर उपाय म्हणून पुन्हा पुन्हा वापरता येणारे धातूचे उपकरण १९९० नंतरच्या दशकात पुढे आणले.

परंतु या लाभाबरोबर एक हानीही झाली. झडप आणि वैद्याची बोटे यांच्यामध्ये आता सुमारे हातभर लांबीची लवचिक नळी आली. जांघेपाशी धरलेल्या तारेतून बोटांना जाणवते ते घर्षण; झडपेच्या दलाचा राठपणा जाणवत नाही. डोळ्यांसमोर हृदय नसते, त्याची करडी सावली असते. पडदा भेदणारी सुई किंचित चुकली, तर ती महारोहिणीत किंवा हृदयाच्या बाहेरच्या आवरणात जाते आणि त्या आवरणात रक्त साचून हृदय दडपले जाते. अनुभवी वैद्याला पडदा भेदला जाण्याच्या क्षणी हाताला एक सूक्ष्म सुटल्याची जाणीव होते, असे सांगतात. सूटर यांच्या बोटाला जे कळत होते त्याचा तेवढाच अवशेष उरला. प्रतिध्वनीच्या लहरींनी काढलेली चित्रे मदतीस आली, तरी ती दृष्टीची मदत होती; स्पर्शाची नव्हे.

५

यंत्राचा प्रवेश येथे होतो. मराठीत यासाठी रूढ झालेला ‘यंत्रमानव’ हा शब्द काहीसा फसवा आहे. कारण या यंत्रांत मानवाचे रूप नसते. त्यांच्या तीन पिढ्या स्थूलमानाने सांगता येतील, आणि प्रत्येकीचा स्पर्शाशी असलेला संबंध वेगळा आहे.

पहिली पिढी दूरच्या हातांची. १९९८ साली पॅरिस येथे आलॅं कार्पांतिए यांनी यांत्रिक हातांच्या साहाय्याने मायट्रल झडपेची दुरुस्ती केली. शस्त्रवैद्य काही अंतरावरील आसनावर बसतो, आणि त्याच्या बोटांच्या हालचाली बरगड्यांमधील छिद्रांतून गेलेल्या बारीक हत्यारांत उतरतात. कंप गाळला जातो, चित्र मोठे दिसते. पण या यंत्रांच्या आरंभीच्या पिढ्यांत टाक्याचा ताण हाताला कळत नसे. धागा किती ओढला, हे त्याचा वाकलेपणा पाहून ठरवावे लागे. २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या नव्या यंत्रात बलाची जाणीव परत देण्याची सोय करण्यात आली, यावरून ती उणीव किती खुपत होती हे दिसते. याच जातीचे, पण नळी व तार सरकविणारे यंत्र रोहिण्यांच्या उपचारासाठी तयार झाले. तासन्‌तास शिशाचा अंगरखा घालून क्ष-किरणांत उभ्या राहणाऱ्या वैद्यांच्या पाठीचे दुखणे, हेही त्याच्या निर्मितीचे एक कारण होते. डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारातून सुमारे ३२ किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादच्या रुग्णालयातील रुग्णांवर अशा यंत्राने उपचार केले. हात आणि हृदय यांमधील अंतर हातभरावरून कोसांवर गेले.

दुसरी पिढी हृदयावर चालणाऱ्या यंत्राची. पिट्‌सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात कॅमेरॉन रिव्हिएर, निकोलस पॅट्रॉनिक आणि शस्त्रवैद्य मार्को झेनाती यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ‘हार्टलँडर’ नावाचे यंत्र सिद्ध केले. छातीच्या मधल्या हाडाखालील लहान छेदातून ते हृदयाच्या बाह्य आवरणाखाली सोडतात. त्याला दोन पाय असून प्रत्येक पाय हवा शोषून हृदयाला चिकटतो. एक पाय चिकटलेला असताना दुसरा पुढे सरकतो, मग दुसरा चिकटतो आणि पहिला उचलला जातो. पानावरील अळी चालते तसे ते चालते. औषध टोचणे किंवा विद्युत्‌अग्र बसविणे यांसाठी त्याचा उपयोग व्हावा, अशी कल्पना होती आणि डुकरांवर त्याचे प्रयोग झाले. या यंत्रातील विचार मोठा मार्मिक आहे. धडधडत्या हृदयावर बाहेरून काम करताना हत्यार स्थिर आणि हृदय अस्थिर, ही मुख्य अडचण. हेलकावणाऱ्या होडीतील माणसाच्या कपाळाला काठावर उभे राहून टिळा लावणे कठीण. त्याच होडीत बसून लावणे सोपे. यंत्रालाच हृदयावर बसविल्याने दोघांचे हेलकावे एक होतात. स्पर्श परत आला, परंतु तो पकड म्हणून. ज्ञान म्हणून नव्हे.

तिसरी पिढी या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण होय. बॉस्टनच्या बाल रुग्णालयातील पिएर ड्यूपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एका स्वयंचलित नळीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तिच्या टोकाला पारदर्शक आच्छादनात सूक्ष्म कॅमेरा आणि दिवा बसविला होता. रक्त अपारदर्शक असल्याने कॅमेऱ्याला दूरचे काहीच दिसत नाही. ज्याला टोक टेकते तेवढेच दिसते. समोर रक्त आहे, हृदयाची भिंत आहे की झडप आहे, हे त्या चित्रावरून ओळखण्यास यंत्राला शिकविले होते आणि टेकण्याचा जोरही त्यावरूनच राखला जाई. म्हणजे दृष्टीचे साधन घेऊन त्यातून स्पर्श निर्माण केला गेला. अंधारात भिंतीला हात लावून मनुष्य दाराशी पोहोचतो, तशी ही नळी हृदयाच्या आतील भिंतीला लागून, कोणाच्या हाताच्या मदतीवाचून, कृत्रिम झडपेच्या कडेशी असलेल्या गळतीच्या जागेपर्यंत पोहोचे. गळती बुजविण्याचे काम तेथून पुढे शस्त्रवैद्य करी. पाच डुकरांच्या धडधडत्या हृदयांत केलेल्या ८३ खेपांपैकी सुमारे ९५ टक्के खेपांत ती ठिकाणी पोहोचली. सूटर यांच्या बोटाला १९२५ साली जे करावे लागले, म्हणजे न पाहता चाचपून वाट काढणे, तेच काम चौऱ्याण्णव वर्षांनी एका नळीच्या टोकाला शिकविण्यात आले.

६

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला ज्ञानाविषयीचा. उपकरण सूक्ष्म झाले म्हणजे प्रगती झाली, हे अर्धेच सत्य आहे. बोटाची शस्त्रक्रिया क्रूर दिसत असली, तरी तिच्यातील ज्ञान सूक्ष्म होते. फुग्याची सौम्य असली, तरी तिच्यातील ज्ञान तुटपुंजे होते. खरी प्रगती जखम लहान ठेवून ज्ञान परत मिळविण्यात आहे. म्हणूनच बंद हृदयावरील शस्त्रक्रियेचे भारतात साठलेले अनुभवभांडार केवळ जुने म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. झडप हाताला कशी लागते, हे ज्या पिढीने हजारो वेळा अनुभवले ती पिढी मावळत चालली आहे. यंत्राला स्पर्श शिकविणाऱ्यांना तिच्या नोंदींचा उपयोग होण्याजोगा आहे.

दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. सूटर, बेली आणि इनोऊए यांची उपकरणे संधिज्वराने जखडलेल्या झडपेसाठी घडली. त्यानंतर श्रीमंत देशांतून तो रोग जवळजवळ नाहीसा झाला आणि उपकरण घडविणाऱ्यांचे लक्ष वृद्धांच्या झडपा, बसविलेल्या कृत्रिम झडपांची गळती आणि हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड यांकडे वळले. ते स्वाभाविक आहे. प्रत्येक समाज आपल्या रोगांसाठी हत्यारे घडवितो. परंतु जागतिक रोगभाराच्या २०१५ सालच्या गणनेनुसार संधिज्वरजन्य हृदयरोगाने जगात सुमारे ३ लाख १९ हजार मृत्यू झाले आणि त्यांपैकी सुमारे १ लाख १९ हजार एकट्या भारतातील होते. ज्यांच्या हृदयांवर या विद्येची पायाभरणी झाली, त्यांच्यासाठी तिची नवी मजले उठत नाहीत, असा हा विपर्यास आहे.

गिरणगावातील गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. भोंगे थांबले, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. परंतु संधिज्वराचे रुग्ण नव्या दाटीच्या वस्त्यांतून आणि राज्याच्या दूरच्या जिल्ह्यांतून परळला येतच आहेत. त्यांच्यासाठी सूक्ष्म यंत्राची वाट पाहणे आवश्यक आहे काय, याचेही उत्तर या इतिहासात आहे. घसा दुखणाऱ्या मुलाला वेळीच पेनिसिलिन मिळाले, तर संधिज्वर टळतो. एकदा होऊन गेलेला असल्यास दर तीन-चार आठवड्यांनी दिलेल्या टोचणीने तो पुन्हा उलटत नाही आणि झडप वाचते. टोचणीची ही सुई या निबंधात आलेल्या सर्व उपकरणांहून स्वस्त आहे, आणि ती हृदयापर्यंत पोहोचावीही लागत नाही. ती मुलापर्यंत पोहोचावी लागते. फुगा आणि यंत्र यांची गरज ज्यांना पडते, त्यांपैकी बहुतेकांच्या बालपणी ही एक सुई चुकलेली असते.